तिथीला येणारे अतिथी

फ्रेण्ड्स घरी येऊन धिंगाणा घालणार असतील तर आपण एका पायावर तयार! पण घरी मुक्कामाला पाहुणे? तेही अनोळखी? नको रे बाबा... असंच म्हणणाऱ्या पुण्यातल्या एका भाडेकरूच्या खोलीत दोन रात्रींसाठी सहा पाहुण्या आल्या. जाताना त्या काय काय ठेवून गेल्या, त्याची ही गोष्ट.

"वरची खोली दोन रात्री लागेल हं," काकू म्हणाल्या तेव्हा मी लॅपटॉपमध्ये डोकं खुपसून बसले होते.

तारीख ११ जून २०२३. रविवार. बुधवारी सकाळी एक फीचर द्यायचं होतं. विषय : 'मान्सून स्पेशल - चिंब भिजायला दहा भन्नाट स्पॉट्स'. ताम्हिणी, माळशेज, भंडारदरा... नेहमीचे यशस्वी कलाकार! गंमत म्हणजे पावसाचाच पत्ता नव्हता. पंखा फुल स्पीडवर ठेवून, घाम पुसत पुसत मी 'धुक्याची दुलई' वगैरे लिहीत होते.

"लागेल म्हणजे?"

"पाहुणे येतायत. परभणीकडचे. सहा जणी आहेत. तू इथेच राहा गं, तुला कोण जा म्हणतंय? फक्त तेवढा पसारा आवर."

मी नाना पेठेत राहते. जुनं, दोन मजली घर. खाली घरमालकीण काकू, वर मी आणि माझी रूममेट. रूममेटने बातमी ऐकताक्षणी बॅग भरली आणि ती हिंजवडीला मैत्रिणीकडे पळाली. आयटीवाली ना, तिला कारण सोपं : "पेठेतले रस्ते बंद असतात यार, कॅबच येत नाही." मला असं कारण नव्हतं. फ्रीलान्सरला कुठलं आलंय ऑफिस? शिवाय वाय-फाय इथलंच.

खरं सांगू? मला भयंकर वैताग आला होता. मास कॉम करत असताना मी आणि माझा ग्रुप परदेशात अनोळखी माणसाच्या सोफ्यावर फुकटात झोपून जग बघायची स्वप्नं रंगवायचो. कसलं रोमँटिक वाटायचं ते! पण आपल्या खोलीत सहा अनोळखी बाया झोपणार म्हटल्यावर माझ्या डोक्यात पहिला प्रश्न आला तो बाथरूमचा.

तारीख नाही, तिथी

'अतिथी' या शब्दाची फोड आपण शाळेत शिकलो. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही, तो अतिथी. पण काकूंचे पाहुणे बरोब्बर तिथीलाच येतात. ज्येष्ठ वद्य नवमी, म्हणजे त्या वर्षीची १२ जून. त्या दिवशी आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांची आणि देहूहून तुकाराम महाराजांची, अशा दोन्ही पालख्या पुण्यात पोचतात. माउलींचा मुक्काम भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात, तुकोबांचा आमच्या नाना पेठेतल्या निवडुंग विठोबा मंदिरात. दोन रात्री पुण्यात काढायच्या आणि मग पंढरपूरची वाट धरायची.

पालखीचा फोटो आपण सगळेच काढतो. फर्ग्युसन रस्त्यावर, लक्ष्मी रस्त्यावर, जमलंच तर फुगडी घालतानाचा सेल्फीसुद्धा! पण पालखी मंदिरात गेल्यावर एवढी लाखभर माणसं रात्री झोपतात कुठे, हा प्रश्न मला कधीच पडला नव्हता. उत्तर सोपं आहे. ती शाळांत झोपतात, मंगल कार्यालयांत झोपतात, ट्रकच्या शेजारी ठोकलेल्या तंबूत झोपतात... आणि पेठांमधल्या घरांत झोपतात. कुठल्या दिंडीतली कुठली माणसं कुणाच्या घरी, हे बऱ्याच ठिकाणी आजेसासऱ्यांच्या काळापासून ठरलेलं असतं. ना बुकिंग, ना कन्फर्मेशनचा मेसेज. काकू या घरात लग्न होऊन आल्या तेव्हा 'पाहुणे' त्यांना घराबरोबरच मिळाले होते.

मास कॉमला असताना इरावती कर्वे यांचा 'वाटचाल' हा लेख वाचला होता. त्या स्वतः वारीला चालल्या होत्या. एकाच दिंडीत ब्राह्मणांची आणि मराठ्यांची जेवणं वेगळी होतात, हे त्यांना खुपलं होतं आणि त्यांनी ते स्पष्ट लिहून ठेवलंय. काकूंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "आमच्याकडेही सासूबाईंच्या वेळी पाहुण्यांची पंगत अंगणात आणि आमची आत. मी आल्यावर दोन वर्षं गप्प बसले. तिसऱ्या वर्षी माझं ताट उचललं आणि अंगणात जाऊन बसले. सासूबाई आठवडाभर बोलल्या नाहीत!" तेव्हापासून त्या घरात पंगत एकच. पाहुणे आले की यजमानाचीही परीक्षा असते, ती अशी.

मुलाखत फसली!

सोमवारी संध्याकाळी त्या आल्या. डोक्यावर पिशव्या, हातात चपला, गळ्यात तुळशीची माळ. दारातच काकूंच्या पाया पडल्या आणि काकू त्यांच्या. मग एकेक जण माझ्याही पाया पडायला लागली. मी दचकून मागे सरकले, तर सगळ्यांत म्हाताऱ्या आजी हसल्या. "माउली, मागं काय सरता? तुम्ही बी पडा की!" मी पडले. वारीत सगळेच माउली. नाव, वय, पगार, डेजिग्नेशन... सगळं त्या एका शब्दात गायब. व्हिजिटिंग कार्ड संस्कृतीत वाढलेल्या मुलीला हा तसा धक्काच होता.

गरम पाणी, चहा, मग पिठलं-भाकरी आणि ठेचा. पहिल्या तासाभरात माझ्या खोलीचा नकाशा बदलला. पलंगावर पिशव्या, दोरीवर नऊवारी, कोपऱ्यात टाळ. आणि माझ्या एक्स्टेन्शन बोर्डवर, लॅपटॉपच्या चार्जरला बाजूला सारून, चार बटणांचे फोन चार्जिंगला!

मी म्हटलं, ठीक आहे. एवीतेवी काम होणार नाहीये, तर निदान एक ह्यूमन इंटरेस्ट स्टोरी पदरात पाडून घेऊ. फोनचा रेकॉर्डर ऑन केला आणि आजींसमोर बसले. किती वर्षं वारी करता? का करता? चालताना मनात काय विचार येतात? तुमच्यासाठी विठ्ठल म्हणजे काय?

आजी सावरून बसल्या. पदर नीट केला. आणि रेशन दुकानात फॉर्म भरताना देतात तशी उत्तरं द्यायला लागल्या. "बावीस वर्षं." "माउलीची कृपा." "समदं चांगलं हाय." दहा मिनिटांत माझे प्रश्न संपले. त्यांनी विचारलं, "झालं का?" मी म्हटलं, "हो." आणि दोघींनीही सुटकेचा निःश्वास टाकला.

खाली पाणी आणायला गेले तर काकू भाकरी थापत होत्या. त्यांना वर चाललेलं सगळं ऐकू येत असावं. म्हणाल्या, "तू विचारतेस फार. जरा नुसती बस ना त्यांच्याजवळ."

नुसती बस! मास कॉमच्या दोन वर्षांत प्रश्न कसे विचारायचे, ओपन एण्डेड कुठला, क्लोज एण्डेड कुठला, हे सगळं शिकवलं होतं. नुसतं कसं बसायचं, हे काही सिलॅबसमध्ये नव्हतं.

"पडला का?"

रात्री आठच्या सुमाराला एका फोनची रिंग वाजली आणि खोलीतल्या सगळ्या गप्पा एकदम थांबल्या. सहाही जणी त्या फोनकडे बघायला लागल्या. आजींनी तो चार्जरसकट कानाला लावला.

"हां. बोल. पडला का?"

पलीकडून काहीतरी उत्तर आलं.

"बरं. आभाळ? ...बरं. बैलाला पाणी दाव. ठिवते."

फोन खाली ठेवून त्यांनी नुसती मान हलवली. बाकीच्या पाचजणी पुन्हा आपापल्या कामाला लागल्या. कुणी काही बोललं नाही.

खाली काकूंच्या टीव्हीवर 'बिपरजॉय' चक्रीवादळाच्या बातम्या चालू होत्या. ते गुजरातच्या दिशेने सरकत होतं. (१५ जूनला ते तिथल्या किनाऱ्यावर धडकलं.) केरळमध्ये मान्सून ८ जूनला पोचला होता, म्हणजे आधीच उशिरा. त्यापुढे त्याची गाडी अडली होती. माझ्यासाठी या बातमीचा अर्थ एवढाच की, फीचरसोबत गेल्या वर्षीचे फोटो वापरावे लागणार.

रात्री साडेदहाला सगळ्या झोपल्या. आजी मात्र बसून होत्या. पाय चोळत. टाचेला भेगा, करंगळीजवळ फोड. मी खाली जाऊन पाणी तापवलं, बादलीत मीठ टाकलं आणि वर घेऊन आले. त्यांनी पाय पाण्यात सोडले. मी बाजूला लॅपटॉप उघडून बसले. रेकॉर्डर बंद. प्रश्न नाही. खरं तर मला त्यांच्याशी बोलायचंच नव्हतं, काम उरकायचं होतं.

पाच मिनिटांनी त्यांनीच विचारलं, "काय लिहायलीस?"

काय सांगणार? "पावसाबद्दल लिहितेय. म्हणजे... पावसात फिरायला कुठे जायचं ते."

"पाऊस बघाया जातेत?"

"हो."

"गाडी करून?"

"हो. हॉटेल वगैरे बुक करून."

आजी हसायला लागल्या. टोमणा म्हणून नाही, अगदी खरंखुरं, तोंडाला पदर लावून. "आमच्याकडं न्ये की त्याला. आम्ही फुकट बघू!"

मीही हसले. आणि मग त्या बोलत गेल्या. विचारावं लागलं नाही. चार एकर रान. अर्ध्यात कापूस, अर्ध्यात सोयाबीन. नांगरट झालेली, बियाणं आणि खत उधारीवर आणून घरात ठेवलेलं. आता फक्त वरून पाणी पडायची वाट. मला वाटलं होतं, पहिला पाऊस पडला की पेरणी करायची. तसं नसतं! पहिल्या सरीला भुलून पेरलं आणि मग पावसाने दडी मारली, तर उगवलेलं जळून जातं. पुन्हा बियाणं आणा, पुन्हा पेरा. दुबार पेरणी. म्हणजे दुप्पट उधारी. कृषी खातं सांगतं, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. आजींचं माप वेगळं होतं. त्यांनी अंगठा आणि करंगळी ताणून मला वीत दाखवली. "एवढी वल खाली जाया पायजे. मग हात लावायचा."

मी न राहवून विचारलं, "मग पेरणी व्हायची असताना तुम्ही वारीला कशा आलात?" प्रश्न तोंडातून निसटला आणि वाटलं, हाही मुलाखतीतलाच झाला.

त्यांनी पाय पाण्यातून बाहेर काढले, पदराने पुसले. "घरी बसून काय करू? आभाळाकडं बघून बघून मान दुखती. हितं पाय दुखतेत. पाय परवडले."

मी लॅपटॉप मिटला. 'धुक्याची दुलई' त्या रात्री पुढे सरकलीच नाही.

काकूंची वही

मंगळवारी पालखीचा मुक्काम. पाहुण्या दर्शनाला गेल्या आणि काकूंनी मला एक वही दाखवली. दोनशे पानी, पुठ्ठ्याचं कव्हर, कोपरे झिजलेले. मला वाटलं हिशेबाची असेल.

दर वर्षाचं एक पान. वर तिथी, खाली आलेल्यांची नावं, गाव. आणि प्रत्येकीपुढे एक-दोन ओळी. कुणाच्या सुनेला मुलगी झाली. कुणाच्या विहिरीला पाणी लागलं. कुणाला मेथी चालत नाही. कुणाचा मुलगा दहावीला आहे, पुढच्या वर्षी विचारायचं. 'विचारायचं' या शब्दाखाली दोन रेघा.

"रात्री त्या बोलतात, मी ऐकते आणि त्या गेल्या की लिहून ठेवते," काकू म्हणाल्या. "वर्षाने पुन्हा भेटायचं असतं. मधलं विसरून कसं चालेल?"

२०२० आणि २०२१ ही दोन पानंही वहीत होती. करोनामुळे त्या दोन वर्षी पायी वारी झाली नाही, पादुका एसटी बसने पंढरपूरला गेल्या. रस्ते रिकामे, घर रिकामं. काकूंनी दोन्ही वर्षी नवमीला एकेकीला फोन लावला आणि फोनवर कळलेलं वहीत उतरवलं. पण २०२१ च्या पानावर शेवटची ओळ वेगळीच होती. 'हे गेले.' काका त्या पावसाळ्यात गेले. मुलगा परदेशात, विमानं अर्धी बंद, तो येऊ शकला नाही.

"दिवाळीनंतर एक दिवस दार वाजलं," काकू सांगत होत्या. "बघते तर या आजी आणि त्यांची जाऊ. रात्रीच्या गाडीने आलेल्या. पायलीभर ज्वारी घेऊन. वारी नाही, पालखी नाही, काही नाही. मी म्हटलं, आत्ता कशा? तर म्हणाल्या, इतकी वर्षं तुम्ही आमचं ऐकलं, आता तुमचं कोण ऐकणार? दोन दिवस राहिल्या. मी बोलत होते आणि त्या ऐकत होत्या."

वही बंद करून काकू खिचडीसाठी साबुदाणा भिजवायला गेल्या. मी तिथेच बसून राहिले. माझ्या फोनमध्ये हजारेक कॉन्टॅक्ट्स आहेत. 'पीआर', 'इव्हेंट', 'कॅफे ओनर' अशी मागे शेपटं लावून सेव्ह केलेले. त्यातल्या एकाही नावापुढे 'विचारायचं' असं मी लिहिलेलं नाही.

मग मी बोलले

त्या रात्री पुन्हा आठ वाजता फोन. पुन्हा "पडला का?" पुन्हा "बरं."

आजींच्या टाचेला तेल लावून देत होते तेव्हा त्यांनी विचारलं, "तुझी माय कुठं असती?"

"डोंबिवलीला."

"रोज बोलतीस?"

बोलते. रोज. रात्री साडेनऊला, दोन मिनिटं. जेवलीस का, हो. काम कसंय, मस्त. बॉस काय म्हणतो, काही नाही. आणि याच ठिकाणी प्रॉब्लेम होता. बॉस नव्हताच! फेब्रुवारीत मी नोकरी सोडली होती. रोज बारा तास दुसऱ्याच्या ब्रॅण्डसाठी कॉपी लिहायची नव्हती, स्वतःचं लिहायचं होतं म्हणून. चार महिने झाले तरी घरी सांगितलं नव्हतं. बाबांनी कर्ज काढून शिकवलंय, त्यांना काय वाटेल? महिन्याला किती मिळतात विचारलं तर काय सांगू? रोज रात्री दोन मिनिटं आईशी खोटं बोलायचं, आणि मग अर्धा तास छताकडे बघत पडायचं.

हे मी रूममेटलाही सांगितलं नव्हतं. आजींना सांगितलं. का, ते मलाही कळलं नाही. त्या बुधवारी निघून जाणार होत्या म्हणून असेल. त्यांना माझ्या फील्डमधलं कुणी ओळखत नव्हतं म्हणून असेल. किंवा आदल्या रात्री त्यांनी त्यांचं सांगितलं, म्हणून माझ्याकडून आपसूक आलं असेल.

त्यांनी सल्ला दिला नाही. 'सगळं ठीक होईल' म्हणाल्या नाहीत. फ्रीलान्स म्हणजे काय, तेही विचारलं नाही. नुसतं ऐकलं. मधे एकदा "मंग?" म्हणाल्या, एकदा "आगं माय" म्हणाल्या. माझं बोलून संपलं तेव्हा बराच वेळ गप्प होत्या. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "माझा पोरगा रोज म्हणतो, पडला न्हाई. मला चालताना बरं वाटावं म्हणून 'पडला' म्हणू शकला असता. म्हणत न्हाई."

बस. एवढंच. आणि कूस बदलून झोपल्या.

बुधवारी एकादशी. दिवे घाट चढून सासवड गाठायचं, म्हणजे वारीतला सगळ्यांत लांबचा टप्पा. पहाटे चारला खोलीत दिवा लागला. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू, प्रत्येकीच्या पिशवीत दोन केळी. निघताना आजींनी विचारलं, "ते तुझं पावसाचं झालं का लिहून?" त्यांच्या लक्षात होतं! मी म्हटलं, "नाही झालं." त्या म्हणाल्या, "व्हईल."

त्या गेल्या. खोली एकदम मोठी वाटायला लागली. एक्स्टेन्शन बोर्ड मोकळा, पण चार्जर लावायची इच्छा होईना. सकाळी साडेसातला मी आईला फोन केला. ती घाबरलीच, "एवढ्या सकाळी? काय झालं?" मी म्हटलं, "आई, मी नोकरी सोडली. फेब्रुवारीत." पलीकडे बराच वेळ शांतता. मग रडू नाही, आरडाओरडा नाही, तिने विचारलं, "मग जेवतेस कुठे गं?"

फिल्मी शेवट झाला असं समजू नका. बाबा पुढे महिनाभर नीट बोलले नाहीत. डेडलाइनही हुकली. फीचर संध्याकाळी पाठवलं, संपादकांनी झापलं आणि छापलं. दहा स्पॉट्सच होते. फक्त 'चिंब भिजायला' हे शब्द टाइप करताना पहिल्यांदाच बोट जरा अडखळलं.

पावसाचा अर्थ बदलतो तेव्हा

२५ जूनला मान्सून एकाच दिवशी मुंबईत आणि दिल्लीत पोचला. सगळ्यांच्या स्टेटसवर कांदाभजी आणि कटिंग! मी काकूंकडे नंबर मागितला आणि फोन लावला. आजी तेव्हा पंढरपूरच्या वाटेवर होत्या. मी विचारलं, "पडला का?" पलीकडे टाळांचा गलका. त्यातून आवाज आला, "थोडा पडला म्हनतोय! वीतभर न्हाई अजून!"

त्या वर्षीचा ऑगस्ट देशाच्या नोंदींमध्ये १९०१ पासूनचा सगळ्यांत कोरडा ऑगस्ट ठरला. बातमी मी दोनदा वाचली. एरवी वाचलीही नसती. सोयाबीन अर्धंच हाती आलं, हे काकूंच्या वहीत लिहिलंय. २०२५ मध्ये उलटं झालं. पाऊस मे महिन्यातच आला, मुंबईत तर २६ मेला, आजवरच्या नोंदींमध्ये सगळ्यांत लवकर. पाहुण्या नवमीला आल्या तेव्हा जाम खुशीत होत्या. आणि मग सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात इतका कोसळला की शेतं पाण्याखाली गेली. टीव्हीवर ती दृश्यं दिसत होती आणि काकू एका हाताने वही आणि दुसऱ्या हाताने फोन धरून बसल्या होत्या. लागत नव्हता. तिसऱ्या दिवशी लागला. आजींचं पहिलं वाक्य : "तुमच्याकडं पानी न्हाई ना शिरलं, माउली?"

पाहुण्याचं ऐकल्याने माझ्या आयुष्यात काय फरक पडला, असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. ऐकलेला माणूस निघून गेला तरी त्याचं जग तुमच्या घरात मुक्कामाला राहतं. आधी माझ्याकडे एकच पाऊस होता, खिडकीतला. आता दोन आहेत. खिडकीत सर आली की आजही मी नाचते, खोटं कशाला बोलू! पण लगेच मनात येतं, तिकडे पडला का? हे ओझं आहे का? थोडंसं आहे. पण त्याच्यामुळे मी दोन मजली घरातल्या एका खोलीत राहत नाही, जरा मोठ्या जागेत राहते, असं वाटतं.

काकूंच्या वहीत २०२३ च्या पानावर सहा नावं आहेत आणि त्याखाली सातवं माझं. पुढे लिहिलंय : 'आईला सांगितलं. बाबा बोलायला लागले का, विचारायचं.'

'विचारायचं'खाली दोन रेघा आहेत. त्यांनी विचारलं. लागले!

पाहुणे येतायत? हे करून बघा...

- आधी पाणी, मग प्रश्न. चालून, प्रवास करून आलेल्या माणसाला हात-पाय धुवायला गरम पाणी आणि टेकायला भिंत द्या. गप्पा आपोआप सुरू होतात.

- प्लग पॉइंट मोकळा ठेवा. घरी फोन लागला की पाहुण्याच्या जिवात जीव येतो.

- रेकॉर्डर, कॅमेरा, स्टेटस... सगळं नंतर. फोटो काढायचाच असेल तर विचारून. 'कंटेण्ट' म्हणून बघितलं की समोरचा माणूस लगेच ओळखतो.

- हाताला काम ठेवा. भाजी निवडताना, भाकरी थापताना, कपडे घडी घालताना माणसं मोकळी बोलतात. समोरासमोर बसून बोलायचं म्हटलं की त्याची मुलाखत होते.

- सल्ला आवरा. "मंग?" एवढा एक शब्द पुष्कळ आहे.

- एक वही करा. पाहुणा गेल्यावर दोन ओळी लिहा आणि पुढच्या भेटीत त्यातलंच काहीतरी विचारा. बघा कसा चेहरा खुलतो!

- आणि सगळ्यांत महत्त्वाचं : बाथरूमची काळजी करू नका. सहा जणींचं आवरून झालं तेव्हा पहाटेचे साडेचार वाजले होते. मी एकटी रोज त्याहून जास्त वेळ लावते!